धुऱ्यावरच्या झाडाला हात लावणाऱ्यांस जाहीर इशारा

सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा येथील तमाम शेतकरी, घरमालक, सांदवाडीवाले, लाकूडतोडे, आरा मशीन चालवणारे आणि रात्रीच्या अंधारात कुऱ्हाड घेऊन फिरणारे यांस या जाहीर इशाऱ्याद्वारे कळवण्यात येते की,

एवढं वाक्य सरकारी झालं. पुढचं साध्या बोलीत लिहितो, म्हणजे नंतर कुणी ‘समजलं नाही जी’ असं म्हणायला नको.

माझ्या शेताच्या पूर्वेच्या धुऱ्यावर एक मोह उभा आहे. या पंधरवड्यात त्याच्या खोडाची साल कुणीतरी काढली. कमरेच्या उंचीवर, वीतभर रुंद पट्टा, जवळजवळ पुरा गोल. चार बोटं साल तेवढी शिल्लक आहे. काढणाऱ्याला उजाडलं असेल, नाहीतर तो पुन्हा येणार असेल. हे काम अडाण्याचं नाही. साल गेली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड लगेच मरत नाही. ते हिरवंच दिसतं, पुढच्या हंगामात थोडं कमी फुलतं, आणि मग उभ्या उभ्या वाळतं. तोवर गावात बातमी फिरलेली असते की झाड रोगानं गेलं.

कुणी केलं ते मी पाहिलेलं नाही. म्हणून नाव लिहीत नाही. पण त्याआधी तीन पावसाळे धुऱ्यावर उभं राहून मला काय काय ऐकवलं गेलं ते माझ्या ध्यानात आहे. ‘झाड तुमचं असेल, पण सावली माझ्या बांधीत पडते.’ ‘माझ्या धानाला ऊन मिळत नाही.’ ‘फांदी माझ्या हद्दीत आली म्हणजे माझी झाली.’ आणि शेवटी, ‘माझ्या बांधीत मी काय करीन ते मी पाहीन.’

यातली तक्रार खरी आहे हे मी आधीच मान्य करतो. मोहाच्या सावलीत धान पोचट राहतं, लोंबी भरत नाही. ज्याची बांधी झाडाच्या सावलीत आहे त्याचं नुकसान होतं. पण तक्रार खरी असली म्हणून कुऱ्हाड खरी होत नाही. आपल्या गावात धुऱ्याचं भांडण निघालं की दोन्हीकडून कायदा सांगितला जातो, आणि दोन्हीकडचा कायदा चहाच्या टपरीवर शिकलेला असतो. म्हणून कायदा खरोखर काय म्हणतो ते आधी सांगतो. मुदत आणि परिणाम त्यानंतर.

झाड कुणाचं

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चं कलम 25 वाचा. भोगवट्याच्या जमिनीवर उभ्या असलेल्या किंवा वाढणाऱ्या झाडांचा हक्क त्या जमिनीच्या धारकाचा. म्हणजे खोड ज्याच्या जमिनीतून वर आलं, झाड त्याचं. फांदी कुठे झुकली, पानं कुठे गळली, पाखरं कुणाच्या धानावर उतरली, याने मालकी बदलत नाही. झाड कुणी लावलं हा प्रश्नही इथे येत नाही. पाखराच्या चोचीतून बी पडलं असेल, तरी उगवलं तिथल्या धारकाचं.

खोड नेमकं हद्दीवर असेल तर? तर ते दोघांचं समजून चाला. मग एकट्याने ते तोडायचं नाही, एकट्याने विकायचं नाही. मोहाची फुलं, चिंचा, आंबे यांचा वाटा आपसांत लिहून ठेवा. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली, आणि त्यात पिकाबरोबर बांधावरची झाडंही नोंदवता येतात. आपण धान नोंदवतो, धुऱ्यावरची तूर विसरतो, आणि झाड तर कुणाच्याच ध्यानात राहत नाही. यंदा विसरू नका. ज्या झाडाची नोंद नाही, त्याच्यासाठी भांडताना तोंडच वाजवावं लागतं.

सीमेवर झाड ठेवायची रीत आजची नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमावादाचं प्रकरण आहे. त्यात गावाच्या सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर, साल, ताड अशी झाडं लावावीत असं सांगितलं आहे, आणि त्यांच्या जोडीला जमिनीत दगड, हाडं, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसा अशा लवकर न कुजणाऱ्या खुणा पुरायला सांगितल्या आहेत. वरची खूण कुणी तोडेल, याची खात्री तेव्हाही होती. सीमेवरचं झाड हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मारून खटला जिंकायची खोडही तेवढीच जुनी आहे.

फांदी कुणाची

आता ज्यावर सगळ्यात जास्त शिवीगाळ होते तो मुद्दा. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी तुमच्या हद्दीत आली, तर ती तुम्हाला कापता येते का?

येते. हे मी माझ्याविरुद्ध लिहितो आहे, पण येते. 1894 साली इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात हाच निकाल दिला. झाडं जुनी, फांद्या कैक वर्षं शेजाऱ्याच्या जमिनीवर आलेल्या, शेजाऱ्याने सूचना न देता त्या कापल्या, आणि कोर्टाने त्याला दोषी धरलं नाही. आपल्याकडे ‘हरी कृष्ण जोशी विरुद्ध शंकर विठ्ठल’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तेच सूत्र धरलं. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेच्या 19व्या खंडात तो निकाल छापलेला आहे. वीस वर्षं फांदी तिथेच होती म्हणून ती तिथेच ठेवायचा हक्क मिळाला, असं झाडाच्या मालकाला म्हणता येत नाही. कारण फांदी वाढत असते. यंदा जितकी आत आली तितकी गेल्या वर्षी नव्हती. रस्ता, पाण्याचा पाट, घराचा उजेड यांच्यावर वीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो. वाढत्या फांदीला मिळत नाही.

या वहिवाटीचा मूळ कायदा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882. तो आधी मुंबई इलाख्यात लागू झालाच नव्हता. 1 जुलै 1882 पासून तो मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांतात लागू झाला, आणि भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. मुंबईला तो 1891 साली मिळाला. म्हणजे ‘हे शहरातले कायदे, आपल्याकडे चालत नाहीत’ असं म्हणणाऱ्याने जरा थांबावं. हा कायदा मुंबईच्या नऊ वर्षं आधी सानगडीच्या धुऱ्यावर आला होता.

पण फांदी कापायच्या हक्काला कुंपण आहे, आणि ते कुंपण ओलांडणाऱ्यालाच हा इशारा आहे.

एक: कापायचं ते आपल्या बाजूला उभं राहून. कापण्यासाठी शेजाऱ्याच्या जमिनीत पाय टाकायचा असेल तर त्याची परवानगी हवी. ती न घेता गेलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 प्रमाणे तो अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो.

दोन: कापायचं ते हद्दीपर्यंत. हद्दीच्या पलीकडे एक वीतसुद्धा नाही. खोडाला, सालीला, मुळाशी भोक पाडून हिंग, मीठ किंवा तणनाशक घालण्याला कोणताही कायदा छाटणी म्हणत नाही. त्याला आगळीक म्हणतात, कलम 324.

तीन: कापलेली फांदी झाडाच्या मालकाची. ती सरपणाला घरी न्यायची नाही. हद्दीवर रचून ठेवा आणि त्याला निरोप द्या.

चार: आंबा, मोह, चिंच, जांभूळ यांची मोठी फांदी असेल तर आधी वृक्ष अधिकाऱ्याला विचारा. का, ते पुढे सांगतो.

पाच: आधी सांगा. इंग्लंडच्या कोर्टाने सूचना न देणाऱ्याला सोडलं, पण त्या कोर्टाला शेजाऱ्याच्या घरच्या तेरवीला जायचं नव्हतं. आपल्याला जायचं आहे.

फूल आणि फळ कुणाचं

मोह आता फुलावर आहे. पहाटे फूल गळतं, सूर्य वर येण्याआधी टोपली भरावी लागते. वारा सुटला की निम्मी फुलं पलीकडच्या बांधीत. ‘माझ्या बांधीत पडलं ते माझं’ असं सगळेच म्हणतात. जर्मनीत हे खरं आहे. तिथल्या दिवाणी कायद्यात शेजाऱ्याच्या जमिनीवर आपोआप पडलेलं फळ त्या जमिनीचं मानतात. फ्रान्समध्येही तसंच आहे. पण आपली कोर्टं इंग्लंडच्या वाटेने चालली, आणि तिथे 1919 साली ‘मिल्स विरुद्ध ब्रुकर’ या खटल्यात उलट ठरलं. शेजाऱ्याच्या फांदीवरची सफरचंदं तोडून विकणाऱ्याला त्यांची किंमत मालकाला द्यावी लागली. फांदी कापायचा हक्क आहे, फळ घ्यायचा नाही.

म्हणून नियम असा. फूल मालकाचं, पण ते वेचायला मालकाने शेजाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या बांधीत उतरायचं नाही. शेजाऱ्याने ते विकायचं नाही, तुडवायचंही नाही. दोघांनी बसून वाटा ठरवला तर कोर्टाला यात काहीच काम उरत नाही. मी माझ्याकडून वाटा ठरवायला तयार आहे, हे इथे जाहीर लिहितो.

आणखी एक. फुलं सहज दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळायची सवय सोडा. जाळ पसरून शेजाऱ्याची कुपाटी, तणसाचा ढीग आणि गावाबाहेरचं जंगल पेटतं. ज्याने काडी ओढली त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा येतो, आणि जंगल पेटलं तर वन विभागाचा गुन्हाही.

सावली, मुळं, पाला

सावलीसाठी दावा चालेल का? घराच्या खिडकीला वीस वर्षं मिळालेला उजेड अडवला तर चालेल. उघड्या शेतातल्या उन्हावर असा वहिवाटीचा हक्क मिळत नाही, सुविधाधिकार कायद्यातली उजेडाची तरतूद इमारतीपुरती आहे. शेतकऱ्याच्या हाती फांदीची कात्री आहे, सावलीचा दावा नाही. मुळं बांधीत आली तर तीही आपल्या हद्दीत तोडता येतात. मात्र झाड पडावं म्हणून मुद्दाम मुळं तोडली आणि ते घरावर, गोठ्यावर, माणसावर पडलं, तर हक्काच्या मागे लपता येणार नाही.

झाडाचे मालक, तुम्हीही ऐका

हा इशारा फक्त कुऱ्हाडवाल्यांना नाही. ज्याचं झाड त्याची जबाबदारी. पोकळ झालेली चिंच शेजाऱ्याच्या कौलांवर झुकली आहे, वाळकी फांदी पांदणीवर लटकते आहे, आणि मालक म्हणतो, ‘देवाचं झाड आहे, हात लावत नाही.’ देवाचं असेल, पण सातबारा तुमचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली, पडायला आलेल्या आणि त्यामुळे आजूबाजूच्या किंवा येणाऱ्याजाणाऱ्या लोकांना धोका असलेल्या झाडाला आधार देण्याचा किंवा ते काढण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. अर्ज साकोलीत करायचा. शेजाऱ्याने लेखी कळवल्यावरही तुम्ही झोपून राहिलात आणि अपघात झाला, तर ते कळवलेलं पत्रच तुमच्याविरुद्धचा पुरावा होईल.

तोडायचं म्हणजे आपल्या मनाने नाही

स्वतःच्या शेतातलं झाडसुद्धा परस्पर तोडता येत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा शहरी झाडांचा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण लागू होतं. सानगडीला ग्रामपंचायत आहे, म्हणून इथे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964. त्याच्या अनुसूचीतली नावं वाचा: साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, खैर, चंदन, बीजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खाडीतलं कांदळवन. शेवटची दोन-चार सोडली तर हे सगळं आपल्याच धुऱ्यावर आणि परसात उभं आहे. वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय यातलं एकही झाड पाडायचं नाही, म्हणूनच मोठ्या फांदीआधीही त्याला विचारा असं वर म्हटलं.

बांबूचं वेगळं आहे. 2017 साली भारतीय वन अधिनियमातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू काढला गेला. आपल्या परसातलं बांबूचं बेट हे त्या कायद्यापुरतं झाड राहिलेलं नाही. पण याचा अर्थ शेजाऱ्याचं बेट मोकळं झालं असा कुणी लावू नये.

लाकडाच्या व्यापाऱ्यांना वेगळी समज. अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याकडची झाडं परस्पर सौदा करून उचलायची नाहीत. त्यासाठी 1969 चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘त्यानेच विकलं’ हे उत्तर चालत नाही. आणि दुसऱ्याच्या जमिनीवरचं झाड न्यायच्या बेईमान हेतूने तोडलं, तर खोड जमिनीपासून सुटलं त्या क्षणी चोरी पूर्ण होते. 1860 च्या भारतीय दंड संहितेत चोरीचं पहिलंच उदाहरण हे झाडाचं होतं. 1 जुलै 2024 पासून आलेल्या न्याय संहितेच्या कलम 303 मध्येही ते कायम आहे. ट्रॅक्टर निघायची वाट पाहावी लागत नाही.

कुंपण, पांदण आणि वीज

वई आपल्या हद्दीत घालायची. बेशरमाची काडी एकदा खोचली की दर पावसाळ्यात ती हातभर पुढे सरकते, आणि काही लोकांचं कुंपणही बेशरमासारखंच सरकतं. नांगराच्या एकेका तासाने धुरा खाणं आणि एकेका काडीने पांदण खाणं, दोन्ही एकच. पांदणीवर आलेलं कुंपण हे शेजाऱ्याचं नाही, अख्ख्या गावाचं नुकसान आहे. गावातल्या रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली ग्रामपंचायतीला आहे. शेताच्या धुऱ्यावरून जायच्या वाटेचा वाद महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदार ठरवतात. मोजणीने बसवलेला हद्दीचा दगड उपटला किंवा हलवला, तर न्याय संहितेचं कलम 326 लागतं.

आता ज्याला मुदत नाही ते. रानडुकरासाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडणाऱ्यांनो, बाकीच्यांना पुढे मुदती दिल्या आहेत, पण तुमच्यासाठी अक्ती नाही, मृग नाही, पंधरा दिवसही नाहीत. आज रात्री ती तार काढा. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प 2013 साली जाहीर झाला, आणि त्याच्या भोवतीच्या गावांत आपण राहतो. त्या तारेला डुक्कर कोण, वाघ कोण, पहाटे मोह वेचायला निघालेली म्हातारी कोण, हे कळत नाही. माणूस गेला तर मनुष्यवधाचा गुन्हा, वन्यप्राणी गेला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972, आणि आकडा टाकला असेल तर विजेच्या चोरीचा गुन्हा वेगळा. अशी जिवंत तार मला पुन्हा दिसली तर मी शेजारधर्म पाळणार नाही. सरळ पोलिसांना आणि महावितरणला कळवीन.

हद्द कोण ठरवणार

हे सगळं एकाच ठिकाणी येऊन अडतं. खोड कुणाच्या जमिनीत आहे हे ठरलं की बाकीचं आपोआप ठरतं. आणि खोड कुणाच्या जमिनीत आहे हे बापजाद्यांच्या बोटाने ठरत नाही. मालगुजारीच्या काळात गावाचे रिवाज वाजिब-उल-अर्जात लिहिले जात. 1951 साली मालगुजारी गेली, पण ‘मालगुजारानं सांगितलं होतं’ हा पुरावा अजून गावात फिरतोच. त्याचं काम झालं. आता भूमी अभिलेख खात्याच्या साकोलीच्या कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, लगतच्या धारकांना नोटीस जाते, मोजणीदार येतो, खुणा दाखवतो आणि ‘क’ प्रत मिळते. गावठाणातल्या सांदवाड्यांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना 2020 साली आली आहे. तिथली मालमत्ता पत्रिका पाहा आणि मगच भिंतीवरून आंब्याची फांदी ओढा.

मोजणीविरुद्ध हरकत असेल तर वरची पायरी आहे, निमताना मोजणी आहे. महसूल अधिनियमाच्या कलम 135 खाली हद्दीचा वाद ठरतो, आणि कलम 138 खाली चुकीच्या ताब्यातल्या माणसाला तिथून काढता येतं. पायऱ्या भरपूर आहेत. त्यातली एकही पायरी कुऱ्हाडीच्या दांड्याची नाही.

मुदत

म्हणून माझ्या पूर्वेच्या धुऱ्यावरच्या शेजाऱ्यास, आणि गावात जिथे जिथे असाच वाद आहे तिथल्या दोन्ही बाजूंस, पुढीलप्रमाणे शेवटची मुदत देण्यात येत आहे.

आजपासून पंधरा दिवसांत: मोहाच्या खोडाला किंवा मुळाला पुन्हा हात लागणार नाही असं पोलीस पाटलांसमोर तोंडी सांगावं. लेखी मागत नाही. सांगितलं तर मागचं मी विसरीन.

अक्तीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत: मोजणीचा अर्ज दोघांच्या नावाने, फी निम्मी-निम्मी. तुम्ही आला नाहीत तर पूर्ण फी भरून मी एकटा अर्ज करीन, आणि नोटीस तुमच्या घरी सरकार पोचवील.

7 जूनपर्यंत, म्हणजे मृग लागायच्या आत: मोजणी होऊन खुणा रोवल्या जाव्यात. ही तारीख मी उगाच धरलेली नाही. पाऊस लागला, बांध्या भरल्या, रोवणी झाली की चिखलात साखळी ओढायला कुणी येत नाही. मग धान कापेपर्यंत वाद तसाच सडत राहतो, आणि सडलेल्या वादातूनच डोकी फुटतात.

या तारखा पाळल्या गेल्या नाहीत, किंवा त्याआधी त्या मोहाची उरलेली चार बोटं साल निघाली, तर मी पुढचं सगळं करीन. वृक्ष अधिकाऱ्याकडे आणि पोलीस ठाण्यात फिर्याद. झाडाचा ताबा बळजबरीने घेतला गेला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा. त्या कलमात जमिनीबरोबर झाडंही स्पष्ट लिहिलेली आहेत, आणि दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. मी सातवा महिना उजाडू देणार नाही. शांतता भंगायची भीती दिसली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 आणि 164 खाली अर्ज. आणि साकोलीच्या दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम व नुकसानभरपाई. मोहाची किंमत लाकडावर नाही, पुढच्या सगळ्या हंगामांच्या फुलांवर आणि बियांच्या तेलावर मागीन.

त्याआधीची वाट उघडी आहे. गावात तंटामुक्त समिती आहे. 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम राज्यात सुरू झाली ती नेमकी अशा भांडणांसाठी. नाहीतर लोकअदालत आहे. तिचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. दोन्ही ठिकाणी मी बसायला तयार आहे. बसायचं नसेल तर उभं राहायची तयारी ठेवा.

माझ्यावरही

आता शेवटचं कलम, आणि हे माझ्या नावाचं आहे. माझ्या घरामागच्या सांदवाडीत बांबूचं बेट आहे. त्याचे शेंडे तीन वर्षांपासून मागच्या घराच्या पत्र्यावर घासतात. त्या घरच्या काकूंनी मला दोनदा सांगितलं, मी दोनदा ‘हो जी’ म्हणालो आणि विसरलो. धुऱ्यावर कायदा सांगणाऱ्याने आपल्या परसात तो मोडायचा, हे यापुढे चालणार नाही. हा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल त्याच दिवशी सकाळी मी ते बेट हद्दीपर्यंत मागे छाटीन. कापलेला बांबू माझा, पण त्यातल्या लांब काठ्या काकूंच्या वेलांच्या मांडवाला देईन.

मोहाच्या ज्या फांद्या पूर्वेच्या बांधीवर गेल्या आहेत, त्यांच्या छाटणीसाठी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज मी आजच करतो आहे. परवानगी आली की छाटणी माझ्या खर्चाने, शेजारी समोर असताना, मोजणीच्या खुणेपर्यंत. म्हणजे धानाला ऊन मिळेल आणि मोहही राहील. माझ्याकडून मुदत मोडली गेली तर हाच कागद माझ्याविरुद्ध वापरावा. त्यासाठीच तो जाहीर केला आहे.

सालीच्या उघड्या पट्ट्यावर मी शेणमातीचा लेप दिला आहे, वर गोणपाट बांधलं आहे. चार बोटं साल जिवंत आहे. रोज पहाटे फुलं वेचायला मी तिथे असतो. ज्याला बोलायचं असेल त्याने उजेडात यावं.

कळावे,
धुऱ्याच्या पश्चिमेचा शेजारी
मुक्काम सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा